मॅथेमॅटिकात स्वतःची शैली एका कळीवर

मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरात टिपणं लिहिताना दर वेळी मजकुराचा रंग नि आकार बदलत बसू नका. ‘फॉर्मॅट’ मेनूतून ‘एडिट स्टाइलशीट’ उघडा, वरच्या चौकटीत नव्या शैलीचं नाव, समजा ‘इशारा’, लिहून एंटर दाबा. खाली आलेल्या सेलचा (म्हणजे मजकुराच्या कप्प्याचा) उजव्या कडेचा कंस निवडून त्याला लाल, ठळक करा. खरी गंमत पुढेच आहे: कंट्रोल-शिफ्ट-ई (मॅकवर कमांड-शिफ्ट-ई) दाबून त्या सेलची संहिता उघडा आणि ‘मेनूकमांडकी’ (MenuCommandKey) या पर्यायाला अवतरणचिन्हांत एखादा आकडा द्या. शक्यतो आपल्याला न लागणारा. ७ तर नकोच, तो साध्या मजकुराचा. पुन्हा तीच कळ दाबून बाहेर या. आता ऑल्टसोबत (मॅकवर कमांडसोबत) तो आकडा दाबला की शैली लागू. उद्या लाल रंग खुपला तर बदल एकाच जागी. ही शैली त्या नोटबुकपुरतीच (त्या फाइलपुरतीच) राहते, एवढं ध्यानात असू द्या.