सागरी कयाकिंग: आधी उलटायला शिका

कयाकिंग, म्हणजे कयाक नावाची चिंचोळी बोट वल्हवणं, शिकायचं म्हटलं की बहुतेक जण आधी वल्हं उचलतात. माझं मत वेगळं आहे: पहिला धडा उलटण्याचा घ्या. पाण्यात पडणं आणि परत बोटीवर चढणं एकदा सरावाचं झालं की भीती जाते, अंग सैलावतं आणि वल्हवणंही लवकर जमतं.

पायरी १: बोट

लगेच विकत घेऊ नका. भाड्याची किंवा प्रशिक्षण वर्गातली वापरा. वर बसायची उघडी कयाक सोपी असते, उलटली तरी तिच्यात पाणी साचत नाही. खरी सागरी कयाक लांब आणि अरुंद असते, साधारण ५ मीटर लांब आणि जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद. लांबीमुळे ती सरळ धावते, अरुंदपणामुळे पहिल्या दिवशी डुगडुगते. तिला पुढे-मागे हवाबंद कप्पे आहेत ना, ते बघा. नसतील तर ती तळ्यावरच ठीक.

पायरी २: अंगावर काय

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळा आणि कुणाला तरी ते खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. हनुवटीशी आलं तर ते ढगळ आहे. कपडे हवा बघून नव्हे, पाणी किती गार आहे ते बघून घाला. थंड पाण्यात अचानक पडल्यावर धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही. तिथे वेटसूट, म्हणजे ऊब राखणारा अंगाबरोबरचा पोशाख, हवाच. शिट्टी जॅकेटलाच बांधा. पिण्याचं पाणी आणि जलरोधक पिशवीतला फोन बरोबर ठेवा.

पायरी ३: उलटा

छातीभर शांत पाण्यात, प्रशिक्षक शेजारी असताना. बैठकीवर ताणून बसवायचं आवरण, म्हणजे स्प्रे स्कर्ट, लावलं असेल तर त्याची ओढायची पट्टी बाहेर आहे ना, हे निघण्यापूर्वी दरवेळी हात लावून तपासा. ती आत दुमडून राहिली तर पाण्याखाली सापडत नाही. उलटल्यावर पुढे वाका, पट्टी आधी पुढे आणि मग वर ओढा, दोन्ही हात कमरेजवळच्या काठावर टेकून स्वतःला बाहेर ढकला. एवढंच. पण डोकं पाण्याखाली असताना ते आठवायला पाच-सहा वेळा करून पाहावं लागतं.

बाहेर आल्यावर बोट सोडू नका. रिकामी कयाक वाऱ्यावर पोहणाऱ्याच्या पुढे निघून जाते. जोडीदार तुमच्या बोटीचं टोक स्वतःच्या बोटीवर आडवं ओढून पाणी ओततो, ती सुलटी करून घट्ट धरतो, आणि तुम्ही पोटावर मागच्या बाजूने चढता. जोडीदाराशिवाय समुद्रात जायचं नाही, ते यासाठीच.

पायरी ४: वल्हवा

जोर दंडांतून नको, कमरेपासून धड वळवून लावा. पातं पावलांजवळ पूर्ण बुडवा, कमरेशी आलं की बाहेर काढा. मूठ सैल ठेवा. वळायचं असेल तर वल्ह्याने पाण्यात मोठं अर्धवर्तुळ काढा.

पायरी ५: वारा आणि भरती

शाळेत पाठ केलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे कामाला येतात. मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनारा आडोसा देत असल्यामुळे जवळचं पाणी गुळगुळीत दिसतं आणि नवखा तिथेच फसतो. बाहेर वारा ढकलत नेतो आणि परतताना तोंडावर येतो. असा वारा जोरात असेल तर जाऊ नका. लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला तरीही थांबा.

नवशिक्याचा वेग ताशी ४-५ किलोमीटर. खाडीच्या अरुंद मुखाशी ओहोटीचा प्रवाह त्याहून जोरात असू शकतो. बहुतेक किनाऱ्यांवर भरती ते ओहोटी साधारण ६ तास लागतात, आणि त्यातल्या मधल्या २ तासांत निम्मं पाणी सरकतं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. पहिली फेरी भांगाच्या दिवसांत ठेवा.

पायरी ६: पहिली फेरी

तासाभराची, किनाऱ्याला समांतर. आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे थकल्यावर वारा मदतीला येतो. कधी परतणार, हे किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून निघा. परतताना फुटणाऱ्या लाटांत बोट आडवी होऊ देऊ नका, आणि उतरल्यावर बोट आणि किनारा यांच्यामध्ये उभं राहू नका. पाण्याने भरलेली कयाक लाटेसरशी गुडघ्यांवर आदळते. उभं राहायचं ते समुद्राच्या बाजूला.