गाडीची चावी हरवली, झिजली, बंद पडली? या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात धाकटा दीर गुहागरच्या समुद्रात उतरला तेव्हा गाडीची चावी त्याच्या बर्म्युड्याच्या खिशात होती. बाहेर आला तेव्हा नव्हती. गाडी किनाऱ्यावर बंद, कागदपत्रं तिच्याच कप्प्यात, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या डिकीत. दुसरी चावी नव्हतीच. गाडी सेकंड हँड घेतली तेव्हा एकच मिळाली होती आणि ‘करून घेऊ की सावकाश’ म्हणता म्हणता दोन वर्षं गेली होती. शेवटी गाडी टोइंग व्हॅनवर चढवून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर चिपळूणला आणली आणि नवी चावी होईपर्यंत चार दिवस तिथेच उभी राहिली.

म्हणून सगळ्यात मोठी चूक आधीच सांगते: हातात एक चालू चावी आहे म्हणून दुसरीचं काम पुढे ढकलणं. एक चावी असताना दुसरी करणं आणि एकही नसताना पहिली करणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. पहिल्या कामात चालू चावीवरून पातं कापता येतं, गाडी स्वतः चालवत नेता येते आणि बऱ्याच गाड्यांत कोडिंग, म्हणजे नव्या चावीची गाडीत नोंद, थोडक्या वेळात उरकतं. दुसऱ्यात आधी दार उघडण्यापासून सुरुवात, मग टोइंग, मग त्या नोंदीसाठी लागणारा गुप्त आकडा, म्हणजे पिन, कंपनीकडून मागवणं. काही गाड्यांत तर चावी ओळखणारं इमोबिलायझरचं युनिट रिसेट करावं लागतं किंवा बदलावं लागतं. खर्च कितीतरी पटींनी वाढतो आणि तोही नेमका परगावी असताना.

नेमकं काय बिघडलंय ते न बघता चावी बदलणं

आजच्या चावीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात. लोखंडी पातं दाराचं आणि स्टिअरिंगचं कुलूप फिरवतं. रिमोट दारं उघडतो-लावतो आणि त्याला सेल लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे चिप. तिला स्वतःचा सेल नसतो. स्टार्टरच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला कोड सांगते. गाडीला तो पटला तरच इंजिन चालू राहतं. ही यंत्रणा म्हणजे इमोबिलायझर. मारुतीच्या गाड्यांत तिलाच आयकॅट्स म्हणत. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे. आपल्याकडेही आता साध्यातल्या साध्या गाडीत सहसा असतेच.

हे तीन भाग वेगवेगळे बिघडतात आणि लक्षणंही वेगवेगळी दाखवतात. रिमोटने दार उघडत नाही पण गाडी नेहमीसारखी सुरू होते, म्हणजे दोष रिमोटचा किंवा सेलचा. दार उघडतं, सेल्फ फिरतो, इंजिन एक-दोन सेकंद धडधडून बंद पडतं आणि मीटरमध्ये चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहतं, म्हणजे गाडीला चिप ओळखता येत नाहीये. चावी कुलपात जाते पण फिरत नाही, मागे-पुढे हलवल्यावर कधीतरी लागते, म्हणजे पातं किंवा कुलूप झिजलंय. सेल्फच मारत नाही, नुसती टिकटिक येते आणि दिवेही मंद आहेत, तर बहुतेक गाडीची बॅटरी उतरलीय. चावीचा त्यात काहीच दोष नाही. एवढी पारख न करता शोरूमला ‘चावी चालत नाही’ म्हणून फोन केला की सेलच्या कामासाठी नव्या चावीचं एस्टिमेट हातात पडू शकतं.

आणखी एक बघा. दोन गाड्यांच्या चाव्या एकाच कडीत अडकवल्यात का? दोन चिपा शेजारी आल्या की वेटोळ्याला नेमकी कोणती ऐकायची ते कळत नाही आणि चांगली चावीसुद्धा नाकारली जाते. चुंबक असलेली कीचेन असेल तर तीही काढून बघा.

सेल बदलताना

चावीतला सेल नाण्याएवढा असतो आणि त्याच्यावरचा आकडा म्हणजे त्याचं माप. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. सीआर २०२५ म्हणजे व्यास तोच, जाडी २.५. सगळे ३ व्होल्टचे, म्हणून दुकानदार सहज म्हणतो, ‘हा चालेल ओ.’ पातळ सेल बसतो, पण सैल राहतो. मग रिमोट कधी चालतो, कधी नाही, आणि चावी हातातून पडली की हमखास बंद. जुन्या सेलवरचा आकडा बघून तोच घ्या. मिळाला तर चांगल्या कंपनीचा घ्या. शंभरेक रुपयांच्या आतबाहेरचं काम आहे.

उघडताना मोठा स्क्रू ड्रायव्हर आत खुपसू नका. कडेला एक खाच दिलेली असते, तिथे नाणं किंवा बोथट टोक घालून हलकेच फिरवलं की दोन भाग सुटतात. प्लसची बाजू वर होती की खाली, याचा फोटो आधी काढून ठेवा.

घरात लहान मूल असेल तर काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. हे कळकळीने सांगते. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. तशी नुसती शंका आली तरी थांबून बघत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. जुन्या, संपलेल्या सेललाही हेच लागू.

पुश बटणाच्या गाडीत सेल संपला की माणसं फार घाबरतात, कारण चावीला दिसणारं पातंच नसतं. ते आत लपवलेलं असतं: चावीच्या बाजूची छोटी कळ दाबा, पातं बाहेर येईल. दाराला कुलपाचं भोक दिसत नसेल तर ते ड्रायव्हरच्या बाजूच्या हँडलवरच्या प्लास्टिक टोपीखाली असू शकतं. आत बसल्यावर चावीच स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा आणि बटण दाबा. काही गाड्यांत तिच्यासाठी वेगळी जागा किंवा खाच दिलेली असते. नेमकी कुठे, ते मॅन्युअलमध्ये सापडेल. हे गाडी दारात असताना एकदा करून बघितलेलं बरं. रात्री घाटात पहिल्यांदाच टोपी शोधायला लागू नये.

जुनं कव्हर फेकून देणं

ही चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली. चावीचं कव्हर मधोमध तडकलं होतं, बटणांचं रबर फाटून आत बोट जात होतं. बसस्टँडजवळच्या एका टपरीवर गेले. चावीवाल्याने नवं कव्हर काढलं, आतली रिमोटची हिरवी पट्टी उचलून त्यात बसवली, पातं बसवलं, खटकन बंद केलं. जेमतेम पाच मिनिटं. मी बटण दाबलं, गाडीने दोनदा दिवे लावले, दोघांनाही समाधान वाटलं. पैसे दिले, गाडीत बसले, चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि लगेच मेलं. पुन्हा तसंच. मीटरमध्ये चावीचं चिन्ह लुकलुकायला लागलं.

परत गेले. त्याच्या पायाशी पत्र्याचा डबा होता, त्यात दिवसभराची फुटकी कव्हरं, रबराचे तुकडे, स्क्रू. आम्ही दोघांनी तो डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. माझ्या कव्हरच्या अर्ध्या भागात, पात्याच्या बुडाजवळच्या एका कोनाड्यात, कलिंगडाच्या बीएवढा काळा तुकडा चिकटून बसला होता. बघणाऱ्याला तो कव्हरचाच भाग वाटावा. तीच चिप. त्याने ब्लेडने आजूबाजूचं प्लास्टिक हळूहळू तासून ती सोडवली, नव्या कव्हरच्या तशाच कोनाड्यात ठेवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. डबा त्याच दिवशी कचरागाडीत गेला असता तर मला नव्या चिपचं कोडिंग करून घ्यावं लागलं असतं.

कव्हर बदलायला टाकलंत तर आधी विचारा, ‘यात चिप कुठे आहे?’ काही चाव्यांत ती रिमोटच्या पट्टीवरच असते, मग काळजी नाही. काहींत वेगळी असते: कधी असा काळा तुकडा, कधी तांदळाच्या दाण्यासारखी काचेची नळी. काचेची असेल तर पक्कडीने ओढायची नाही, ती चटकन फुटते. आणि गाडी सुरू होऊन दोन-तीन मिनिटं चालल्याशिवाय जुनं कव्हर तिथे सोडून येऊ नका.

फक्त बटण दबत नसेल तर बहुतेक वेळा पट्टीवरचा छोटा स्विच सुटलेला असतो. मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर तो सोल्डर करून देतो. त्यासाठी नव्या चावीची गरज नाही.

झिजलेल्या पात्यावरून पातं कापणं

झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरं पुसट होतात, तसंच हे. झिजलेली चावी मशीनवर लावली की मशीन तिची झीजही इमानेइतबारे उतरवतं. नवी दिसणारी चावी पहिल्या दिवसापासून अडकते. अशा वेळी पातं चावी क्रमांकावरून कापून घ्यायचं. गाडी नवी असताना चाव्यांसोबत एक छोटा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा बिल्ला येतो, त्यावर हा क्रमांक असतो. आपण तो कीचेनला तसाच लटकवून फिरतो, आणि चावी हरवली की तोही हरवतो. आजच काढून घरात ठेवा. घरातली कमी वापरलेली चावी असेल तर तीही नमुना म्हणून चालते.

कुलूप अडतंय म्हणून त्यात खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडायची आपल्याकडे सवय आहे. तेलाने चार दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ बसून राप तयार होतो. ग्रॅफाइटची पूड वापरा. आणि चावी फिरत नसेल तर जोर लावू नका. आधी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकेच हलवत फिरवून बघा, कित्येकदा स्टिअरिंग लॉकचा ताणच कारण असतो. पातं कुलपात तुटलं तर उरलेल्या तुकड्याला फेव्हिक्विक लावून ओढायचा प्रयोग करू नका. तुकडा तर निघत नाहीच, कुलूपही जातं.

हरवल्यावर

पहिले दोन तास शोधण्यात जाणारच. पण चावी बॅगेसकट गेली असेल आणि बॅगेत आरसी किंवा पत्त्याचा कुठलाही कागद असेल, तर ज्याच्या हाती ती पडली त्याला गाडी आणि घर दोन्ही माहीत झालं. गाडी त्या जागेवरून हलवा किंवा कोणाला तरी तिच्याजवळ थांबवा. पोलिसांत हरवल्याची नोंद करा. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत ती पोलिसांच्या संकेतस्थळावरही करता येते. चावी चोरीला गेली असेल तर मात्र पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार द्या.

ही नोंद पुष्कळ जण कंटाळ्याने टाळतात. उद्या गाडीच चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या चाव्या मागते. एक कमी निघाली आणि ती हरवल्याचा कागद नसेल तर दावा अडकतो. विम्याला चावीसाठीचं वेगळं अ‍ॅड-ऑन असेल तर नव्या चावीचा खर्चही त्यातून मिळू शकतो, पण अट आणि मुदत वाचून, आणि काम करून घेण्याआधी कंपनीला कळवून.

नवी चावी मागताना सर्व्हिस सेंटरला आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि बहुतेक ठिकाणी तक्रारीची प्रत लागते. आरसी बंद गाडीत अडकली असेल तर डिजिलॉकरमधली दाखवा. दिराला ते सुचलं नाही. अर्धा दिवस त्यातच गेला.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. नवी चावी गाडीने ओळखायच्या चाव्यांच्या यादीत घालून भागत नाही, हरवलेली त्या यादीतून पुसायलाही हवी. नाहीतर ती चावी आजही तुमची गाडी सुरू करते. घरातल्या उरलेल्या सगळ्या चाव्या कोडिंगला सोबत न्या. बऱ्याच गाड्यांत जुनी यादी पुसून समोर असलेल्या चाव्याच नव्याने नोंदवल्या जातात, आणि घरी राहिलेली चांगली चावी बाद होते. शेवटी तिथेच विचारा, ‘गाडीत आता किती चाव्या नोंदलेल्या आहेत?’ मशीनवर हा आकडा बहुतेक गाड्यांत दिसतो. पातं मात्र अजूनही दाराचं कुलूप उघडेल, म्हणून चोरीची शंका असेल तर कुलूपही बदला.

बाहेरच्या चावीवाल्याकडे काम करायला हरकत नाही. त्यांतले कित्येक जण हे काम फार सफाईने करतात. मात्र ऑनलाइन मिळालेली ‘सगळ्या गाड्यांना चालणारी’ चावी घेऊन जाऊ नका. चिपचे प्रकार अनेक आहेत आणि दिसायला चावी हुबेहूब असली तरी आतली चिप वेगळी निघते. जुन्या बाजारातली वापरलेली स्मार्ट चावी तर बहुधा आधीच्या गाडीशी कायमची जोडलेली असते. चावी त्यालाच आणायला सांगा आणि गाडी सुरू झाल्यावर पैसे द्या. गाडीची बॅटरी कमकुवत असेल तर आधी चार्ज करा, कोडिंग अर्ध्यावर तुटलं तर त्रास वाढतो. पिन अंदाजाने टाकू देऊ नका, काही गाड्या चुकीच्या पिननंतर ठरावीक वेळ काहीच स्वीकारत नाहीत.

सेकंड हँड गाडी घेताना दोन चाव्या आणि क्रमांकाचा बिल्ला मागा. नसतील तर नव्या चावीचा खर्च किमतीतून कमी करून घ्या आणि नाव बदलायच्या आठवड्यातच सगळ्या जुन्या नोंदी पुसून घ्या. आधीच्या मालकाच्या ड्रायव्हरकडे तिसरी चावी असेल की नाही, हे आपल्याला कुठून कळणार?

पातं असलेली चावी असेल तर आणखी एक स्वस्त सोय करता येते. चिप नसलेलं साधं पातं कापून घ्यायला काहीशे रुपये लागतात. त्याने गाडी सुरू होणार नाही, पण चावी आत राहून दारं बंद झाली तर दार उघडेल. काही गाड्यांत असं दार उघडलं की सायरन वाजतो. आतली खरी चावी लावली की थांबतो. दिराच्या गाडीचं तसं पातं आता सासूबाईंच्या पर्समध्ये असतं, गोळ्यांच्या डबीशेजारी.