घराचे पैसे हलवताना आधी सगळ्यात हळू चालणारे हलवा

फेब्रुवारी २०२५मध्ये मी पुण्यातल्या धायरीत रीसेलचा टू-बीएचके घेतला. किंमत ५८ लाख. ३८ लाख कर्ज, २० लाख आमचे. वर मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि एजंटची दलाली. म्हणजे साडेचोवीस लाख रुपये पाच ठिकाणांहून गोळा करायचे होते. मी भोसरीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. माल आला की चलन, गेला की चलन, हेच माझं रोजचं काम. तरी स्वतःच्या पैशांच्या बाबतीत चुकलेच.

कर्ज मंजूर झालं म्हणून बँक लगेच चेक फाडत नाही. आधी तुमचा वाटा विकणाऱ्याला पोचल्याचं दाखवावं लागतं: त्याच्या सहीची पावती आणि तुमच्या खात्याचा उतारा. गृहकर्जवाले याला ‘ओसीआर’ म्हणतात. आणि उतारा हातात पडला की ते तो मागे मागे वाचत जातात. सहा महिन्यांत पगार सोडून जी मोठी रक्कम जमा दिसेल, तिच्याभोवती पेन्सिलीचा गोल. प्रत्येक गोलासाठी एक कागद.

म्हणून पहिल्यांदा एक खातं ठरवा. मी पगाराचंच ठेवलं. पैसा जिथे होता तिथून थेट याच खात्यात यायला हवा, मध्ये नवऱ्याचं, भावाचं, कोणाचंही खातं नको. ठेव मोडून ९ लाख ४ हजार २१७ आले तर खात्यात तेवढेच जमा दिसू देत. ‘वरचे चार हजार घरखर्चाला’ म्हणून आधीच काढून घेतलेत, की ठेवीची पावती आणि उतारा यांचा मेळ बसत नाही.

आता क्रम. लोक आधी बँकेतली ठेव मोडतात, कारण ती सोपी असते. उलट करा. ठेव ॲपवर दोन मिनिटांत मोडते, थोडं व्याज कापून घेतात, बस्स. ती शेवटी. आधी हात घाला तो पीएफला.

माझा पीएफ माहेरच्या नावाने होता, आधार सासरच्या. घरासाठीच्या रकमेचा फॉर्म ३१ भरला आणि दावा नामंजूर. मग जॉइंट डिक्लरेशन (नावदुरुस्तीचा कंपनीसोबतचा अर्ज), लग्नाचं प्रमाणपत्र, कंपनीच्या एचआरची मंजुरी. नाव दुरुस्त व्हायला पाच आठवडे गेले. त्यानंतर साडेचार लाख मात्र पंधरवड्यात आले. पाच वर्षांहून जास्त सलग नोकरी असल्याने त्यावर कर नाही. मी ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली होती म्हणून निभावलं. लग्न झालेल्या बायकांनो, घर बघायला बाहेर पडण्याआधी यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, स्वतःचं नाव बघा.

म्युच्युअल फंडाचे साडेतीन लाख घर पसंत पडल्याच्या दुसऱ्या दिवशी काढले. इक्विटी फंड होता. विसार देऊन झाल्यावर बाजार पडला तर विकणारा काही थांबत नाही. वर्षाहून जुन्या युनिट्सवरचा नफा सव्वा लाखाच्या आत होता, त्यामुळे कर बसला नाही. सासूबाईंनी पाटल्या पुढे केल्या होत्या. त्या मोडल्या नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ झाला बाबांच्या सहा लाखांचा. कोरेगाव तालुक्यातली वीस गुंठे जमीन त्यांनी २०२२मध्ये विकली होती आणि पैसे गावातल्या पतसंस्थेत मुदत ठेवीत होते. पतसंस्थेकडून थेट आरटीजीएस (मोठी रक्कम बँकेतून बँकेत पाठवणं) होईना. त्यांनी दुसऱ्या बँकेवरचा चेक बाबांच्या नावे दिला, तो बाबांच्या जिल्हा बँकेच्या खात्यात वटायला चार दिवस. इथवर ठीक होतं. पण बाबांना फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून भावाने दोन लाख स्वतःच्या खात्यात घेतले आणि तिथून मला पाठवले. ‘तायडे, लगेच होतंय की!’ झालं खरं लगेच. पण बँकेने मग भावाचाही सहा महिन्यांचा उतारा मागितला. त्यात त्याच्या ट्रॅक्टरच्या हप्त्याचा एक चेक परत गेलेला. अधिकारी काही बोलले नाहीत, पण भाऊ अजून माझ्यावर रुसलेला आहे. उरलेल्या चार लाखांसाठी मी स्वतः गावी गेले. बाबांना शाखेत नेलं, आरटीजीएसचा फॉर्म भरला, त्यांच्या सहीचा चेक जोडला. अर्ध्या तासाचं काम.

वडिलांनी मुलीला दिलेल्या पैशावर मुलीला कर नाही, रक्कम कितीही असो. पण बँकेला लेखी हवं असतं. आमच्या बँकेने स्वतःचा नमुना दिला. त्यात महत्त्वाचं वाक्य एकच: ही रक्कम परत करायची नाही. हे नसेल तर ती उसनवारी ठरते आणि तुमच्या हप्त्याच्या हिशेबात धरली जाते. सोबत बाबांचा पॅन, जमिनीच्या विक्रीची इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी कागद), पतसंस्थेच्या ठेवपावतीची झेरॉक्स आणि जिल्हा बँकेचं पासबुक लावलं. वर एका कोऱ्या पानावर मी पैशाचा प्रवास तारखांसकट लिहिला: जमीन, ठेव, चेक, बाबांचं खाते, माझं खाते. अधिकाऱ्यांनी बाकी कागद चाळले, हे पान मात्र नीट वाचलं.

भिशीचे साठ हजारही होते, रोख. भरताना पॅन द्यावा लागला, कारण तेव्हा पन्नास हजारांवरच्या रोकडीला तो लागायचा. त्याच्याभोवतीही गोल पडला. मी भिशीची वही दाखवली, बारा बायकांच्या सह्यांची. अधिकारी हसले आणि म्हणाले, मॅडम, हे ओसीआरमध्ये धरू नका. नाही धरले. त्या पैशांचं स्वयंपाकघराचं फर्निचर झालं.

विकणारे नवरा-बायको होते. चार लाख रोख द्या, असं त्यांनी एकदा सुचवून पाहिलं. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. हे शांतपणे सांगितलं की विषय संपतो.

आता टीडीएस. पन्नास लाख किंवा त्यावरच्या घराला एक टक्का आपण कापून सरकारला भरायचा. ५८ लाखांचे ५८ हजार. विकणारे दोघे म्हणून प्रत्येकी २९ हजारांचे दोन वेगळे फॉर्म. मी भरला तेव्हा तो २६क्यूबी होता, कापल्याचा महिना संपल्यापासून ३० दिवसांत. त्याआधी दोघांचे पॅन आधारला जोडलेत का ते तपासलं. विकणाऱ्या काकूंचा नव्हता! तसाच राहिला असता तर एक टक्क्याऐवजी वीस टक्के, म्हणजे २९ हजारांच्या जागी ५ लाख ८० हजार कापायची वेळ. त्यांनी हजार रुपये भरून जोडून घेतला, मगच मी पैसे पाठवले.

प्रत्येकाला माझ्याकडून दहा लाख पोचायचे होते. पन्नास हजार विसाराचा चेक, २९ हजार टीडीएस, उरले ९ लाख २१ हजार. ॲपची माझी मर्यादा दिवसाला दहा लाख, म्हणून दोन दिवस लागले. नवीन खातं जोडल्यावर पहिले चोवीस तास जास्त रक्कम जात नव्हती, ते आधीच उरकलं होतं. आधी एक रुपया पाठवला, ‘आला’ असा निरोप आल्यावर बाकीचे. यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, पावतीवर लिहून घेतला. ओसीआरला वीस लाखांत ५८ हजार कमी दिसतात, तिथे टीडीएसची चलनं जोडायची. नाहीतर फाइल परत येते. माझी आली होती.

मुद्रांक शुल्क पुणे महापालिकेच्या हद्दीत ७ टक्के, बाईच्या एकटीच्या नावावर ६. नवऱ्याचं नाव लावलं असतं तर ५८ हजार जास्त गेले असते. त्याला आधी जरा लागलं, मग आकडा ऐकून गप्प झाला. ३ लाख ४८ हजार आणि नोंदणीचे ३० हजार माझ्याच खात्यातून ऑनलाइन भरले. हे पैसे कर्जात मिळत नाहीत, वाट्याच्या वीस लाखांतही धरत नाहीत. वेगळे काढून ठेवा.

नोंदणी झाली की मोठ्या खरेदीची माहिती निबंधक आयकर खात्याला कळवतात. माझ्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकात, ती नोंद दिसली. फाइल कपाटात खालच्या खणात आहे, वर ते प्रवासाचं पान. काकूंचा फॉर्म १६बी (टीडीएस भरल्याचा दाखला) तेवढा द्यायचा राहिलाय, रविवारी देऊन येते.