नॅनोकणांची एमटीटी चाचणी करताना या चुका टाळा

नॅनोकणांचा डोस वाढवत नेला आणि पेशी कण न दिलेल्या पेशींच्या तुलनेत १३० टक्के जिवंत निघाल्या, तर कणांनी पेशी वाढवल्या असं लिहायची घाई नको. एमटीटी ही पेशी किती जिवंत आहेत ते रंगावरून सांगणारी चाचणी, ती थेट पेशी मोजत नाही. जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रसायनाचं जांभळं फॉर्मॅझन करतात आणि प्लेट रीडर हे यंत्र ५७० नॅनोमीटरला तो रंग वाचतं. कण स्वतःच तिथे प्रकाश शोषत असतील तर तोही आकड्यात धरला जातो. सोन्याच्या बारीक गोल कणांचं प्रकाश शोषण्याचं शिखर ५२० च्या आसपास असतं, पण गुठळ्या झाल्या की ते ५७० कडे सरकतं.

वनस्पतीच्या अर्कातून केलेल्या कणांचा घोळ वेगळा. त्यांच्यावर उरलेली पॉलिफेनॉल ही वनस्पतींतली रसायनं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात. कार्बन नॅनोट्यूबचं याच्या उलट: फॉर्मॅझनचे स्फटिक नळ्यांना चिकटतात, नीट विरघळत नाहीत आणि धडधाकट पेशी मेल्यासारख्या दिसतात.

म्हणून त्याच प्लेटमध्ये प्रत्येक डोसच्या तीन वेल (प्लेटमधले छोटे खड्डे) पेशींशिवाय ठेवाच. मीडियम (पेशी वाढवायचं पोषक द्रावण), कण, ०.५ मिग्रॅ प्रति मिली एमटीटी, ३७ अंशांना चार तास, मग स्फटिक विरघळवणारं डीएमएसओ, सगळं तसंच. इथे रंग आला तर पेशी घालण्याआधीच चाचणी बिघडलेली आहे. किरकोळ आकडा वजा करता येतो. मोठा असेल तर पद्धतच बदला. मात्र चिकटलेलं फॉर्मॅझन वजाबाकीने सापडत नाही. डीएमएसओ घालून दहा मिनिटं हलवल्यावर प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरा. काळ्या गुठळ्यांभोवती जांभळ्या सुया तशाच दिसल्या, तर जिचं फॉर्मॅझन पाण्यात विरघळतं ती डब्ल्यूएसटी-१ चाचणी घ्या आणि फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम मोजणाऱ्या एलडीएच चाचणीने पडताळा. एलडीएच हे एन्झाइमही काही कणांवर चिकटतं, त्यामुळे तिथेही कणांचा कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) लागतोच.

कणांचा आकार पाण्यात मोजून भागत नाही. मीडियममधले क्षार कणांना एकत्र आणतात, सीरमची प्रथिनं त्यांच्यावर थर चढवतात. वापरायच्या मीडियममध्येच, सुरुवातीला आणि २४ तासांनी मोजा. गुठळ्या तळाशी बसत असतील तर पेशींना मिळालेला डोस तुम्ही लिहिलेला नाही.

९६ वेलच्या प्लेटमधल्या कडेच्या ३६ वेल लवकर सुकतात. त्यांत २०० मायक्रोलिटर पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) भरा, नमुने नको. मीडियम काढताना प्लेट तिरकी करून टिप भिंतीला लावा, तळ खरवडला की स्फटिक गेले. तरंगत्या पेशी असतील तर आधी सेंट्रिफ्यूज.

एवढं करूनही पॅसेजगणिक (पेशी नव्या बाटलीत वाढवल्या की दरवेळी) आकडे हलत असतील तर पेशींत लपून राहणारा मायकोप्लाझ्मा हा जीवाणू तपासा. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन निरुपयोगी. मीडियम गढूळ होत नाही आणि ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो. पीसीआर (डीएनए शोधणारी चाचणी) करा, आणि निष्कर्ष हाती येईपर्यंत त्या पेशींची बाटली दुसऱ्या इनक्युबेटरमध्ये ठेवा.