सोलर वसाहत आखताय? निदान या चुका तरी टाळा

लेआउट मंजूर, रस्त्यावर खडी पडलेली, आणि मग फोन येतो: ‘आता जरा सोलरचं बघून घ्या.’ आता काय बघणार, कपाळ? रस्ते उत्तर-दक्षिण पडले की घरांची तोंडं पूर्व-पश्चिमेला जातात आणि उतरत्या छपराला उन्हाचा, म्हणजे दक्षिणेचा, उतार मिळतच नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावी ‘व्हिलेज होम्स’ ही वसाहत 1970च्या दशकात उभी राहिली, तेव्हा गल्ल्या पूर्व-पश्चिम ठेवण्यापासूनच सुरुवात होती. पॅनेल कधीही बदलता येतं. रस्ता कोण वळवणार? (दक्षिण गोलार्धात असाल तर इथली दक्षिण ती तुमची उत्तर समजा.)

माझा खरा राग आहे तो सावलीच्या नकाशावर, म्हणजे कुठल्या वेळी कशाची सावली कुठे पडेल ते दाखवणाऱ्या कागदावर. एका प्रकल्पात दक्षिणेला सात मजली इमारत आणि तिच्या मागे, जेमतेम नऊ मीटरवर, दुमजली रो-हाउस. पहिल्याच डिसेंबरात तक्रार आली की रो-हाउसच्या, इमारतीलगतच्या पुढच्या रांगेची वीज निम्म्याने घटली. कंत्राटदाराने दोन इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी यंत्रं) बदलून पाहिले. मी सावलीचा नकाशा मागवला. रंगीत, देखणा, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख: 21 जून, दुपारी 12. जागा 20 अंश उत्तर अक्षांशावर. तिथे त्या दिवशी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच कलतो, मागच्या घरांवर सावली पडणार कशी! तिथेच 21 डिसेंबरला भर दुपारी सावली जवळपास उंचीएवढी पडते आणि सकाळी नऊला पावणेदोन पटीहून लांब. 40 अंशांवर तर दुपारीच दुप्पट. शेवटी पुढच्या रांगेची पॅनेलं उतरवून इमारतीच्या गच्चीवर न्यावी लागली आणि वीज वाटून घ्यावी लागली. हे आधीच ठरवलं असतं तर स्वस्तात झालं असतं. प्रत्येक घराच्या डोक्यावर स्वतःचं पॅनेल हवंच, हा हट्ट मला कधी कळलेला नाही.

मी नकाशा उघडला की आधी तारीख बघतो. 21 डिसेंबर, सकाळी नऊ आणि दुपारी तीन नसेल तर पुढचं पान उलटत नाही.

गच्चीवरही तोच घोळ. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, जिन्याचं डोकं नेमकं दक्षिण कडेला, कारण प्लंबरला ते सोयीचं! नेहमीच्या पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड असतात, म्हणजे सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणाऱ्या आडवाटा. एका सेलवर गडद सावली पडली तरी पॅनेलचा एक तृतीयांश भाग बाद होऊ शकतो. ‘दुपारनंतर वीज कमी येते’ असं कुणी म्हटलं की मी मीटरकडे जात नाही, खडू घेऊन गच्चीवर जातो. दर तासाला सावलीची कड आखायची. कंटाळवाणं काम आहे, म्हणून कुणी करत नाही. ॲपवर दोन मिनिटांत निकाल हवा असतो. पण त्या ॲपला नंतर बसवलेली टाकी दिसत नाही.

वॉटरप्रूफिंग आधी, पॅनेल नंतर. उलट केलंत तर सगळं उतरवावं लागेल.

पॅनेलच्या दोन रांगांमध्ये माणूस बादली घेऊन चालेल एवढी वाट ठेवा.

रोपटं लावताना त्याची वीस वर्षांनंतरची उंची धरा.

उन्हाच्या दिवशी भर दुपारी गल्लीतल्या शेवटच्या घराचाच इन्व्हर्टर बंद पडत असेल तर तो बिघाड नसण्याची शक्यता जास्त. सगळी घरं एकदम वीज बाहेर ढकलतात, टोकाला व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवतो. केबलची जाडी आणि ट्रान्सफॉर्मर तपासा, पाण्याचे पंप आणि गाड्यांचं चार्जिंग दुपारी लावा.

देखभाल कोण करणार, हे कागदावर नसेल तर माझी सही मिळत नाही. कॅनडात ओकोटोक्सला ड्रेक लँडिंग या वसाहतीची 52 घरं उन्हाळ्याची उष्णता जमिनीतल्या 144 बोअरमध्ये साठवून हिवाळ्यात उबदार राहायची. 2007 साली सुरू झालेली ती नावाजलेली यंत्रणा जुनी झाल्यावर 2024 मध्ये बंद करावी लागली. त्यामानाने आपल्याला फक्त पॅनेल धुवायची आहेत, आणि तरी गच्चीवर नळ ठेवायला लोक विसरतात.