कोडशेअर फ्लाइटचे माइल्स : तिकीट काढायच्या आधी काय काय बघायचं

मुंबई–फ्रँकफर्ट–सॅन फ्रान्सिस्को असं तिकीट घेऊया. युनायटेडच्या साइटवर काढलं, फ्लाइट नंबर यूए आणि पुढे चार आकडे, पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय की विमान लुफ्तान्साचं आहे. हेच कोडशेअर. त्याच विमानात तुमच्या शेजारी बसलेला माणूस एलएच ४५४ च्या तिकिटावर असतो, जेवण तेच, सीट तीच, आणि तरी त्याला पडणारे माइल्स, म्हणजे उडल्याबद्दल एअरलाइनकडून खात्यात जमा होणारे पॉइंट्स, तुमच्या दुप्पट किंवा निम्मे असू शकतात. माइल्स कुठल्या खात्यात टाकायचे हे चेक-इनपर्यंत बदलता येतं, पण कुठल्या खात्यात किती पडणार ते तिकीट निघालं की ठरून गेलेलं असतं. त्यामुळे खालचं सगळं पैसे भरायच्या आधी करायचं, नंतर करून उपयोग नाही.

आधी खातं ठरवा, एअरलाइन नंतर. एका फ्लाइटचे माइल्स एकाच प्रोग्रॅममध्ये, म्हणजे एकाच एअरलाइनच्या माइल्स योजनेत, जातात, दोन्हीकडे घेता येत नाहीत. पण ते उडवणाऱ्या कंपनीच्याच खात्यात गेले पाहिजेत असं अजिबात नाही, त्याच अलायन्समधल्या, म्हणजे एअरलाइन्सच्या त्याच गटातल्या, दुसऱ्या कुणाच्याही खात्यात टाकता येतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, लुफ्तान्सा, युनायटेड, सिंगापूर एअरलाइन्स, एअर कॅनडा, टर्किश हे सगळे त्यातलेच. ब्रिटिश एअरवेज, कतार, अमेरिकन हे वनवर्ल्डवाले. एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा स्कायटीमवाले. एमिरेट्स कुठेच नाही, इंडिगोही नाही, त्यांचे ज्याच्या त्याच्याशी वेगळे करार.

आता खातं कुठलं, तर तुम्ही किती वेळा उडता त्यावर. मुलगी कॅलिफोर्नियात, आईबाबा दोन-तीन वर्षांतून एकदा जाणार, असं असेल तर सिंगापूरचं क्रिसफ्लायर किंवा लुफ्तान्साचं माइल्स अँड मोअर घेऊ नका, तिथे साधारण तीन वर्षांत माइल्स संपतात म्हणजे दुसरी ट्रिप होईपर्यंत पहिलीचे गेलेले असतात. युनायटेडचे माइल्स २०१९ पासून एक्सपायर होत नाहीत, डेल्टाचेही नाहीत. एअर कॅनडाच्या एरोप्लानमध्ये १८ महिने काहीच हालचाल झाली नाही तर जातात, पण तिथे घरातल्या ८ जणांपर्यंतचे पॉइंट्स एकत्र करता येतात, युनायटेडमध्ये ५ जणांचे. आईबाबांचे थोडे आणि मुलीचे थोडे, सुटे सुटे पडून राहण्यापेक्षा हे बरं. माझं मत विचाराल तर वर्षातून एकदासुद्धा न उडणाऱ्याने न संपणारं एकच खातं उघडावं आणि बाकीच्या सगळ्यांना नमस्कार करावा.

मग येतो खरा विषय. कोडशेअरच्या तिकिटात तीन कंपन्या असू शकतात आणि लोक नेमके इथेच गोंधळतात. एक विमान उडवणारी, ती ऑपरेटिंग. दुसरी जिचा फ्लाइट नंबर तिकिटावर आहे, ती मार्केटिंग. आणि तिसरी, जी कुणी बघतच नाही, तिकीट कुणी इश्यू केलं ती. ही शोधायला ई-तिकिटावरचा १३ आकडी तिकीट नंबर बघा, पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. ०१६ युनायटेड, २२० लुफ्तान्सा, ०९८ एअर इंडिया, ०१४ एअर कॅनडा, ६१८ सिंगापूर, १२५ ब्रिटिश एअरवेज, १५७ कतार, १७६ एमिरेट्स, ००६ डेल्टा.

या तीन आकड्यांवर बरंच काही अवलंबून आहे. युनायटेडमध्ये २०१५ पासून नियम असा की तिकीट ०१६ चं असेल तर विमान लुफ्तान्साचं असलं तरी माइल्स तुम्ही भरलेल्या भाड्यावर मिळणार, आणि तिकीट २२० चं असेल आणि माइल्सच्या खात्याचा नंबर युनायटेडचा टाकला असेल तर अंतर गुणिले बुकिंग क्लासची टक्केवारी (क्लास म्हणजे भाड्याच्या प्रकाराचं अक्षर, ते पुढे सांगतो). डेल्टाचंही ००६ बाबतीत असंच. अमेरिकनवाले मात्र तिकिटावर फ्लाइट नंबर कुणाचा आहे ते बघतात, आणि काही प्रोग्रॅम उडवणाऱ्या कंपनीचा क्लास धरतात. प्रत्येकाच्या साइटवर पार्टनर एअरलाइन्सचं पान असतं, त्यात त्या त्या कंपनीच्या नावाखाली अक्षरं आणि टक्के दिलेले असतात, कोडशेअरची ओळ शेवटी बारीक टाइपात असते, ती वाचायचीच.

हिशोब करून बघूया. मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण ४,१०० मैल, तिथून सॅन फ्रान्सिस्को ५,७०० च्या आसपास, जाऊन-येऊन साडेएकोणीस हजार धरा. समजा भाडं टॅक्स सोडून ९०० डॉलर आणि प्रोग्रॅम डॉलरला ५ माइल्स देतो, तर झाले ४,५००. तेच दुसऱ्या स्टॉकच्या, म्हणजे दुसऱ्या एअरलाइनने इश्यू केलेल्या, तिकिटावर अंतराने मोजले आणि क्लास ५० टक्क्यांचा निघाला तर जवळजवळ ९,८००, म्हणजे दुपटीहून जास्त. पण क्लास २५ टक्क्यांचा निघाला तर ४,९००, म्हणजे फार फरक नाही, आणि शून्य टक्क्यांचा निघाला तर काहीच नाही. उलट डिसेंबरच्या सुट्टीतलं १,८०० डॉलरचं तिकीट असेल तर भाड्यावर ९,००० पडतात आणि मग २५ टक्केवाल्या अंतरापेक्षा तेच चांगलं. थोडक्यात लांबचं आणि स्वस्त तिकीट असेल तर अंतर, महाग असेल तर भाडं. टॅक्स आणि एअरपोर्ट फी यात धरत नाहीत हे लक्षात ठेवा, लोक एकूण दीड लाखाला गुणतात आणि मग फसवलं म्हणून ओरडतात.

क्लास म्हणजे इकॉनॉमी-बिझनेस नाही, एक अक्षर असतं. वाय, बी, एम, के, एल, टी वगैरे. इकॉनॉमीतच अशी दहा-बारा अक्षरं असतात आणि सगळ्यात स्वस्त अक्षरांना सगळ्यात कमी टक्के. मोठ्या बुकिंग साइट हे अक्षर दाखवतच नाहीत किंवा कुठेतरी भाड्याच्या नियमांत लपवतात, तिथे फेअर बेसिस असा एक कोड असतो त्याचं पहिलं अक्षर बघा, बहुतेक वेळा तोच क्लास. आयटीए मॅट्रिक्स या साइटवर शोधलं तर बुकिंगच्या आधीच दिसतं, तिथे तिकीट विकत नाहीत, फक्त बघता येतं. एजंटकडून काढत असाल तर सरळ विचारा, क्लास कुठला आणि तिकीट कुठल्या एअरलाइनच्या स्टॉकवर काढताय. चांगल्या एजंटला दोन मिनिटांचं काम आहे, आणि जो उडवाउडवी करतो त्याच्याकडून काढू नका. अजून एक, कोडशेअरमध्ये विकणाऱ्याचं अक्षर आणि उडवणाऱ्याचं अक्षर वेगळं असू शकतं, तिकिटावर के आणि बोर्डिंग पासवर एल असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, तुमचा प्रोग्रॅम कुठलं धरतो तेवढं बघायचं.

कोडशेअर आहे म्हणजे माइल्स मिळणारच, हे गृहीत धरू नका. फ्लाइट नंबर वाटून घेण्याचा करार वेगळा आणि माइल्सचा वेगळा. इंडिगोचं टर्किश, कतार अशा बऱ्याच जणांशी कोडशेअर आहे, पण मुंबईहून पुढे जाताना मधला एखादा तुकडा इंडिगोचा असेल तर त्या तुकड्याचे माइल्स तुमच्या खात्यात पडतात का, हे त्या प्रोग्रॅमच्या पार्टनर पानावर वेगळं तपासा. पानावर नाव नाही म्हणजे नाही.

तिकीट निघालं की माइल्सच्या खात्याचा नंबर, म्हणजे फ्रिक्वेंट फ्लायर नंबर, टाकायचा. कोडशेअरमध्ये पीएनआर दोन असतात, एक विकणाऱ्याचा आणि एक उडवणाऱ्याचा. लुफ्तान्साच्या साइटवर युनायटेडचा पीएनआर चालला नाही तर युनायटेडच्या बुकिंग पानावर शोधा, नाही सापडला तर फोन करून मागा. मग उडवणाऱ्याच्या साइटवर जाऊन फ्रिक्वेंट फ्लायर नंबर दोन्ही सेक्टरवर, जाताना आणि येताना, टाकलाय ना ते बघा, कारण परतीवर टाकायचा राहतो. त्या एअरलाइनच्या ॲपमध्ये लॉग-इन करून चेक-इन केलंत तर कधीकधी ती स्वतःचाच नंबर घुसवते. बोर्डिंग पासवर नंबर छापलेला असतो, काउंटर सोडायच्या आधी वाचा, चुकीचा असेल तर तिथेच बदलून घ्या.

नावाचं आपल्याकडे खास लफडं असतं. पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव, तिकिटावर पहिली दोन चिकटून एक झालेली, आणि माइल्सच्या खात्यात फक्त नाव-आडनाव. काही सिस्टिम हे चालवून घेतात, काही नाही. खातं उघडतानाच पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं टाका. लग्नाआधीच्या नावाने उघडलेलं जुनं खातं असेल तर आधी ते बदलून घ्या, आणि तिकीट मात्र पासपोर्टप्रमाणेच.

पार्टनरचे माइल्स लगेच दिसत नाहीत, आठवडा-दोन आठवडे थांबा. तरी नाही आले तर मिसिंग माइल्सचा फॉर्म भरायचा, त्याला तिकीट नंबर आणि बोर्डिंग पास लागतो, मोबाइलमधला पास फ्लाइटनंतर गायब होतो म्हणून स्क्रीनशॉट आधीच काढा. मुदत क्रिसफ्लायर आणि माइल्स अँड मोअरमध्ये ६ महिने, युनायटेडमध्ये १२. आणि फ्लाइट रद्द होऊन तुम्हाला दुसऱ्याच कंपनीच्या विमानात बसवलं असेल तर मूळ ई-तिकीट जोडून लिहा की मूळ मार्गाप्रमाणे माइल्स द्या. बऱ्याच वेळा देतात, पण मागितल्याशिवाय नाही.