मोठ्या शिकारीसाठी रायफल कशी निवडायची: पहिल्यांदा आफ्रिकेला निघालेल्या मुंबईकरासाठी

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं ठाम मत आहे. इथे जे लिहितोय ते फक्त बाहेरच्या देशांबद्दल, जिथे परवाना काढून आणि तिथला नोंदणीकृत गाईड सोबत घेऊन कायदेशीर शिकार करता येते. मी नामिबियात दोनदा जाऊन आलोय, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो.

रेंजवर प्रॅक्टिसला गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, दादा आफ्रिकेला चाललोय, कुठली रायफल घेऊ, आणि बहुतेकांनी मनात आधीच सगळ्यात मोठी मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या जोरदार काडतुसाची रायफल, ठरवलेली असते, फक्त माझ्याकडून हो ऐकायचं असतं. मीही पहिल्या वेळी तेच केलं होतं. कॅम्पवाल्याकडे .300 विन मॅग, त्यातलीच एक, मागून घेतली, एवढा लांब चाललोय तर जोरदारच हवी ना म्हणून. तिसऱ्या दिवशी गेम्सबॉक, म्हणजे लांब सरळ शिंगांचं मोठं हरीण, समोर आला, शंभर-एकशेवीस मीटरवर, आडवा उभा, याहून सोपा शॉट मिळत नाही. पण आदल्या दिवशी झिरो करताना, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीचा, स्कोपचा, नेम गोळीशी जुळवून घेताना, खांद्याला बसलेले दणके डोक्यात होते, चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटले गेले आणि खांदा आपोआप पुढे ढकलला गेला. गोळी पोटात लागली. त्यानंतर साडेपाच तास आम्ही माग काढणाऱ्या ट्रॅकरच्या मागे चालत होतो. वाळूत एक थेंब रक्त, मग बराच वेळ काहीच नाही, मग गवताच्या पात्यावर हिरवट लाल डाग, पोटातला चारा मिसळलेला. शेवटची गोळी गाईडने मारली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्या जनावराचे ते साडेपाच तास माझ्या चुकीच्या निवडीमुळे होते, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

पहिली पायरी: आधी जनावर ठरवा, मग रायफल

लोक उलटं करतात. तुम्ही स्प्रिंगबॉकसाठी चाललाय, कुडूसाठी की म्हशीसाठी, हे ठरल्याशिवाय कॅलिबरवर, म्हणजे नळीच्या मापावर आणि काडतुसावर, बोलण्यात अर्थ नाही. स्प्रिंगबॉक चाळीस किलोच्या आसपास, गेम्सबॉक आणि कुडूचा नर दोनशेच्या वर, एलंडचा नर सहाशे ते नऊशे किलो (ही सगळी तिकडची हरणं), आणि केप बफेलो, म्हणजे तिकडची रानम्हैस, वजनाला एलंडसारखाच पण अंगावर येणारा. नामिबियात तर यासाठी सरळ कायदाच आहे. स्प्रिंगबॉकसारख्या छोट्या जनावराला नळीच्या तोंडाशी किमान 1350 ज्यूल ऊर्जा हवी, कुडू, गेम्सबॉक, विल्डबीस्ट, एलंडला 2700, आणि म्हैस-हत्तीला 5400. पिस्तूल आणि ऑटोमॅटिक हत्यार तिथे शिकारीला चालतच नाही.

आता हे आकडे कॅलिबरशी लावून बघा. .308 विंचेस्टर साधारण 3500 ज्यूल देते, .30-06 त्याच्या थोडी वर. म्हणजे 2700 ची अट दोन्ही आरामात पार करतात. .375 एच अँड एच 1912 पासून चालू आहे, 300 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीला 5700 च्या आसपास ऊर्जा देते, म्हणून म्हशीचा विषय निघाला की तिचं नाव आधी येतं. पण पहिल्या ट्रिपला म्हैस नकोच असं माझं मत आहे. कुडू, गेम्सबॉक, विल्डबीस्ट एवढं ठेवा, आणि त्याला .308, .30-06, .270 किंवा जुनी 7 बाय 57 यातली कुठलीही पुरते.

दुसरी पायरी: तुमचा खांदा किती सहन करतो ते प्रामाणिकपणे तपासा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. सारख्या वजनाच्या रायफलमध्ये .375 चा धक्का .30-06 च्या साधारण दुप्पट बसतो. धक्क्याने खांदा दुखतो ते परवडलं, खरी अडचण ही की शरीर तो धक्का लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी बार व्हायच्या आधीच दचकतं, आणि आपल्याला ते कळतही नाही कारण आवाज आणि धक्क्यात सगळं झाकलं जातं.

ते पकडायची एक जुनी पद्धत आहे. कोच किंवा सोबतच्या माणसाला सांगायचं की तूच भर, कधी खरा राऊंड घाल कधी डमी, मला सांगू नकोस. तुम्ही नेम धरता, चाप ओढता, आणि डमी असला की नुसतं टिक होतं. त्या क्षणी नळीचं तोंड कुठे जातं ते बघायचं. दुसऱ्या ट्रिपच्या आधी माझ्यावर हे केलं तेव्हा टिक झालं आणि नळी चांगली चार बोटं खाली गेली, मागे उभ्या असलेल्या दोघांनीही बघितलं. जी रायफल डमीवर जागची हलत नाही ती तुमची, मग तिचं कॅलिबर मित्राच्या कॅलिबरपेक्षा लहान का असेना. .308 ची फुप्फुसात बसलेली गोळी मॅग्नमच्या पोटात बसलेल्या गोळीपेक्षा लाख पटीने चांगली, जनावरासाठीसुद्धा आणि तुमच्या झोपेसाठीसुद्धा.

तिसरी पायरी: न्यायची की तिथेच भाड्याने घ्यायची

भाड्याने घ्या. इथून रायफल न्यायची म्हणजे आपलं लायसन्स, विमान कंपनीची परवानगी, बाहेर नेताना आणि परत आणतानाची कागदपत्रं, मधल्या देशात विमान बदलायचं असेल तर तिथले नियम, आणि एवढं करून आपल्याकडे साध्या लायसन्सवर जी हत्यारं मिळतात त्यातली फारच थोडी तिकडच्या शिकारीला जुळतात. कॅम्पमध्ये चांगल्या रायफली असतात, फक्त "अ रायफल विल बी प्रोव्हायडेड" एवढ्या एका ओळीवर विश्वास ठेवू नका. बुकिंगच्या आधीच ईमेल करून विचारा की कॅलिबर कुठलं, स्कोप कुठला, बटची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, म्हणजे स्टॉकची) लांबी किती, कुठली गोळी भरतात, शेवटचं झिरो कधी केलं, आणि सायलेन्सर आहे का. शेवटचा प्रश्न ऐकून आपल्याकडचे लोक दचकतात, पण नामिबिया आणि साउथ आफ्रिकेत सायलेन्सर कायदेशीर आहे, सर्रास वापरतात, आणि त्याने धक्का आणि आवाज दोन्ही बऱ्यापैकी कमी होतात. नवख्या माणसाला सायलेन्सरवाली .308 मिळाली तर त्याने दुसरं काही शोधूच नये. मझल ब्रेकवाली, म्हणजे नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा भोकांचा तुकडा लावलेली, मात्र टाळा, धक्का कमी होतो पण आवाज इतका वाढतो की बाजूला उभ्या ट्रॅकरच्या कानाचं वाटोळं होतं.

चौथी पायरी: ॲक्शन, फिटिंग आणि स्कोप

ॲक्शन, म्हणजे काडतूस भरायची-काढायची यंत्रणा, बोल्टचीच, हाताने मागेपुढे करायच्या दांड्याची. 1898 च्या माउझरच्या धर्तीवर बनलेल्या रायफली आजही तिकडे ठिकठिकाणी दिसतात, कारण धूळ-वाळूत त्या दगा देत नाहीत. डावखुरे असाल तर आधी कळवा, उजवा बोल्ट डाव्या हाताने मारत बसण्यात दुसरा शॉट हातातून जातो. आणि कुठला डोळा प्रबळ ते घरीच बघा, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या दिव्यावर अंगठा धरायचा, मग एकेक डोळा मिटायचा, ज्या उघड्या डोळ्याने बघताना अंगठा दिव्यावरून हलत नाही तो तुमचा.

फिटिंगसाठी कॅम्पवर पोचल्या पोचल्या एक गोष्ट करा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल स्टॉकवर टेकवा, मग डोळे उघडा. स्कोपमधलं चित्र पूर्ण गोल आणि उजळ दिसलं तर रायफल तुमच्या अंगाला बसते. कडेला काळी चंद्रकोर दिसली आणि मान पुढे-मागे करावी लागली तर नाही बसत. आपल्याकडच्या सरासरी उंचीच्या माणसाला तिकडचे स्टॉक बरेचदा लांब पडतात, मग माणूस मान पुढे काढून डोळा स्कोपला चिकटवतो आणि बार झाला की स्कोपची कडा भुवईत घुसते. डोळा आणि स्कोपमध्ये आठ-नऊ सेंटीमीटर अंतर हवंच.

स्कोप 3-9x40 पुरे आहे, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, 40 मिलिमीटरच्या काचेचा. झाडीत चालताना तो 3 किंवा 4 वर ठेवायचा, कारण जवळून जनावर उठलं आणि स्कोप 9 वर असला तर समोर नुसती कातडी दिसते, कुठला भाग आहे ते कळत नाही.

गोळीबद्दल थोडक्यात. कुडू-गेम्सबॉकला नेहमीच्या स्वस्त सॉफ्ट पॉइंटपेक्षा (मऊ शिशाच्या टोकाच्या गोळीपेक्षा) तुकडे न होता आत जाणारी गोळी चांगली, म्हणजे बाँडेड (शिसं कवचाला पक्कं चिकटवलेली), नॉसलर पार्टिशनसारखी, किंवा पूर्ण तांब्याची. .308 मध्ये 165 ते 180 ग्रेन. झिरो ज्या गोळीने केलं तीच शेवटपर्यंत वापरायची, मध्येच डबा बदलू नका.

पाचवी पायरी: मुंबईत राहून तयारी

सगळ्यांना वाटतं इथे काय प्रॅक्टिस होणार. भरपूर होते. तिकडे झोपून किंवा टेबलावरून शॉट क्वचित मिळतो, उभं राहून तीन पायांच्या काठ्यांवर रायफल टेकवून मारायचं असतं. त्या काठ्या मी मंडपवाल्याकडून घेतलेल्या सहा फुटी तीन बांबूंच्या केल्या, वरून एक वीत सोडून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घट्ट बांधल्या, एवढंच. मग रेंजवर परवानगी काढून एअर रायफलने त्यावर प्रॅक्टिस. .177 बोअरच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला आपल्याकडे लायसन्स लागत नाही, पण ती चालवायची रेंजवरच, गॅलरीत किंवा गच्चीवर अजिबात नाही.

हिशोब सोपा आहे. दहा मीटरवर 2 सेंटीमीटरचा ठिपका म्हणजे शंभर मीटरवर 20 सेंटीमीटरची प्लेट, आणि गेम्सबॉकचा हृदय-फुप्फुसाचा भाग साधारण तेवढाच धरा. काठ्या उघडा, रायफल टेकवा, मारा, आणि हे सगळं दहा सेकंदांच्या आत. दहापैकी नऊ त्या ठिपक्यात बसायला लागले की तयारी बरी चालली आहे असं समजा. क्लबात .22 मिळत असेल तर 50 मीटरवरही तसंच करा, तिथे 10 सेंटीमीटरचा गोल लावा.

आणि चाला. भरलेली रायफल स्कोपसकट चार किलोच्या वर जाते आणि दिवसभर खांद्यावर असते. नामिबियाची राजधानी विंडहूक साधारण 1700 मीटर उंचीवर आहे, आपण समुद्रसपाटीवरची माणसं, दम लागतोच, आणि धाप लागलेली असताना नेम धरणं ही वेगळीच परीक्षा आहे. मी चार किलो तांदूळ सॅकमध्ये भरून आमच्या बिल्डिंगचे मजले चढायचो आणि वर पोचल्या पोचल्या झाडूच्या दांड्याने काठ्यांवर नेम धरायचो, शेजारच्या काकूंना सगळं नीट समजावून सांगितल्यावर.

कॅम्पवर पोचल्यावर

पहिलं काम झिरो, आधी चहासुद्धा नको. शंभर मीटरवर टेबलावरून तीन राऊंड, तीनही दोन इंचांच्या आत आले तर रायफल ठीक आहे. मध्यापासून दोन इंच वर लागेल असं लावून घ्या, म्हणजे दोनशे मीटरच्या जवळपासपर्यंत वेगळा हिशोब करावा लागत नाही. त्यापुढचा शॉट पहिल्या ट्रिपला घेऊच नका, गाईड हो म्हणाला तरी. मग लगेच तीन राऊंड काठ्यांवरून, गाईडच्या समोर, कारण तुम्ही किती लांबून मारू शकता हे त्यालाही दिसलं पाहिजे. टेबलावरचा ग्रुप बघून तो अंदाज बांधेल तर चुकेल.

तिकडच्या हरणांचं हृदय आपल्याला चित्रातून वाटतं त्यापेक्षा पुढे आणि खाली असतं. जनावर आडवं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत वर जा, छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर थांबा, तिथे मारा. खांद्याच्या बरंच मागे मारायची सवय असेल तर ती इथेच सोडून जा. बार झाला की लगेच दुसरा राऊंड चढवा, कौतुक बघत उभे राहू नका, आणि गाईड सांगेपर्यंत नजर जनावरावरून काढू नका.

परत निघायच्या आदल्या रात्री जॅकेट, पँट, सॅक, कॅमेऱ्याची बॅग, सगळ्यांचे खिसे उलटे करून झटका. एक राऊंड जरी चुकून राहिला तर आपल्या एअरपोर्टवर आर्म्स ॲक्टखाली केस होऊ शकते, आणि आठवण म्हणून रिकामं काडतूस ठेवायचा मोहसुद्धा नको. मला दुसऱ्या ट्रिपला सॅकच्या पावसाळी कव्हरच्या कप्प्यात एक सापडला होता, तिथे मी कधी टाकला ते आजही आठवत नाही, रात्री अकरा वाजता जाऊन गाईडच्या हातात दिला.